अबोल्यातलं टपाल

नोएडा, सेक्टर ५०
२३ नोव्हेंबर २०२५

रुचिता,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, त्यामुळे त्यावर ओळ घालवत नाही. नोएडाहून गुरुग्रामला स्पीड पोस्टाने पत्र पाठवणारा बाप तुझ्या ऑफिसात दुसऱ्या कुणाला नसेल. फोन आहे, मेट्रो आहे, सगळं आहे. पण फोनवर मी आईचं नाव काढलं की तू "बाबा, वो टॉपिक छोडो ना" म्हणतेस. आणि या दोन खोल्यांत फोनवर बोलायचं म्हणजे आईच्या कानाशी बोलायचं. बाल्कनीत गेलो तर ती वाळलेले कपडे काढायच्या निमित्ताने मागोमाग येते, कपडे ओले असले तरी. म्हणून हा कागद. मराठी वाचायला तुला वेळ लागतो हे मला माहीत आहे. मलाही लिहायला लागतो. सगळी नोकरी मंत्रालयात हिंदी आणि इंग्रजी शेरे लिहिण्यात गेली.

मुद्दा एवढाच की मी थकलोय. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून तुम्ही दोघी बोलत नाही आणि मधला टपालवाला मी. आई म्हणते, "तिला विचारा, थंडीचे कपडे बाहेर काढले का. मी विचारलं म्हणून सांगू नका." तू म्हणतेस, "आई ठीक आहे ना? मी विचारलं असं नका सांगू." प्रश्न तोच, अट तीच. बरं, मी निरोप पोचवला नाही तर दोघी मलाच फैलावर घेता.

त्या दिवाळीत झालं ते वाईटच झालं, मी नाही म्हणत नाही. राघवपासून वेगळी होऊन तुला काही महिनेच झाले होते. आईने तुला न विचारता त्याला फराळाला बोलावलं. तू आलीस तर तो सोफ्यावर बसून चकली खात होता. तू चपलाही काढल्या नाहीस, तशीच परत गेलीस. मी लिफ्टपर्यंत आलो तोवर लिफ्ट खाली गेली होती.

आता बातमी. आम्ही दिल्ली सोडतोय. चोवीस जानेवारीला सामान निघेल. पुण्यात उत्तराआत्याच्या बिल्डिंगमध्ये जागा मिळाली आहे. माझ्या छातीला इथली हवा मानवत नाही, डॉक्टर म्हणाले, पुढचे हिवाळे इथे काढू नका.

त्याआधी संक्रांत आहे. तू ये, एवढंच मागतोय. आत्ता तुमच्यात एक मेट्रो आहे. पुण्याला गेल्यावर न बोलण्याची दोघींना सवय होईल आणि मग राग गेला तरी सवय राहील. मला रागाची भीती नाही, या सवयीची आहे.

बाबा


कोपर्निकस मार्ग
७ डिसेंबर

रुचिता,

तुझा मेसेज मिळाला. पत्र वाचण्यात तुझा अख्खा लंच गेला म्हणालीस, त्याबद्दल सॉरी. आज महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये बसून लिहितोय. आईला सांगितलंय, जुन्या मित्राला भेटायला चाललोय. थालीपीठ मागवलंय, अजून पत्ता नाही.

तू लिहिलंस, "बाबा, आई मला इग्नोर करतेय, मग मीही करतेय. सिंपल है." हा शब्द दिल्लीत मी रोज ऐकतो. गार्डने हॉर्न वाजवणाऱ्यांची तक्रार केली की आपला सोसायटीचा सेक्रेटरी म्हणतो, "इग्नोर मारो यार." विजेच्या बिलाचा मेसेज येतो, भरलं असेल तर इग्नोर करा. ऑफिसात आम्हीसुद्धा स्मरणपत्राच्या तळाशी लिहायचो, की उत्तर आधीच पाठवलं असल्यास हे पत्र इग्नोर करावं. कागदच सांगतोय, माझ्याकडे बघू नका. मला त्या वाक्याची नेहमी गंमत वाटायची.

आपल्याकडे याला एकच शब्द नाही. पोर हट्टाला पेटलं की आपण दुर्लक्ष करतो, पण लक्ष सगळं तिकडेच असतं. उशिरा येणाऱ्या बाईकडे साहेब कानाडोळा करतो, त्यात त्याचा चांगुलपणा असतो. डोळेझाक करणाऱ्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असतं. आणि आपली उपेक्षा झाली असं माणूस स्वतःबद्दलच म्हणतो, बहुतेक रिटायर झाल्यावर. तुझी आई यातलं एकही करत नाहीये. तिने अबोला धरलाय.

हा शब्द तुला द्यायचा राहिला वाटतं. दिल्लीत वाढवताना काय काय राहिलं, आता एकेक लक्षात येतं. अबोला म्हणजे बोलणं बंद, पण फक्त बोलणं. बाकी सगळं चालू ठेवायचं असतं, उलट जरा जास्तच. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आई तुला म्हणायची, "बाबांना सांग, पान वाढलंय," आणि मी हाताच्या अंतरावर बसलेला. तुला तो खेळ वाटायचा. माझ्या कानाशी येऊन तू ओरडायचीस, "बाबा, पान वाढलंय!" तो खेळ नव्हता, आमचं वाजलेलं असायचं. पण पानात भाजी माझ्या आवडीची असायची. मी ती दुसऱ्यांदा वाढून घेतली की भांडण कुठवर उतरलंय ते तिला कळायचं. एक शब्द न बोलता आम्ही दिवसभर एकमेकांशीच गुंतलेले असायचो.

त्याचे नियम असतात. अबोल्यात दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं नाव नसतं. मोठ्याने धरला असेल तर धाकट्याने दारात यायचं आणि मग मोठ्याने आधी तोंड उघडायचं. सण आला की सोडायचा. आणि घरात आजारपण असेल तर धरायचाच नाही.

आता ऐक. दर महिन्याला मी तुला गुरुग्रामच्या मेट्रो स्टेशनवर पिशवी देतो, गोडा मसाला, मेतकूट, लिंबाचं लोणचं. तू विचारतेस, कुठून आणलं? मी म्हणतो, करोल बागेत एका मराठी माणसाचं दुकान आहे. असं दुकान मी कधी बघितलेलं नाही. ते सगळं आई करते. मसाला भाजायचा असेल त्या दिवशी खिडक्या उघडून ठेवते आणि मला घराबाहेर पिटाळते. पिशवीचं तोंड स्वतः बांधते आणि म्हणते, "माझं नाव घेऊ नका." मी घेतलं नाही. मला वाटलं, चवीवरून तुला कळेल. नाही कळलं तेव्हा तुझा रागसुद्धा आला, की लहानपणापासून खाल्लेला आईचा मसाला हिला ओळखता येऊ नये?

तुझा मेसेज वाचल्यावर कळलं की तुला कळणार तरी कसं. आम्ही दोघं नियमाप्रमाणे वागत होतो आणि नियम तुला कुणी सांगितलेच नव्हते. तुला दिसत होती ती फक्त न बोलणारी आई.

थालीपीठ आलं. गार आहे.

बाबा


नोएडा
२१ डिसेंबर

रुचिता,

तुझा व्हॉइस मेसेज मी सोसायटीच्या पार्कात बसून ऐकला. दोनदा ऐकला. इतकी धूर भरलेली हवा, की समोरचा टॉवर दिसत नव्हता, तेवढंच बरं. माझा चेहराही कुणाला दिसला नसेल.

मसाला पाठवला म्हणजे सॉरी होत नाही असं तू म्हणालीस, ते मला पटलं. पण त्याच्या पुढचं तू मला आजवर सांगितलं नव्हतंस. तू तापाने पडलेली होतीस. राघव उठला, आवरून ऑफिसला गेला, संध्याकाळी आला, बाहेरून मागवून जेवला, मॅच बघितली आणि झोपला. दुसऱ्या दिवशीही तेच. तू म्हणालीस, "बाबा, तो रागावला नव्हता. भांडणही नव्हतं. मी त्या घरात आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. आणि आई विचारत होती, मारतो का? पितो का? मग प्रॉब्लेम काय आहे?"

आईने हे विचारलं होतं. मी तिथेच होतो. मलाही तेव्हा प्रश्न बरोबरच वाटला होता.

तू म्हणालीस, की त्यानंतर आईने बोलणं सोडलं तेव्हा तुला ते घर परत आठवलं. आता कुणालाच मी दिसत नाही, असं वाटलं. बाळा, यापुढे अबोल्याचे नियम तुला शिकवायचं तोंड मला राहिलं नाही.

घरी आलो आणि निरोप्याने करायचं नसतं ते केलं. आईला सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती. आधी नेहमीसारखी उसळली. "इग्नोर? मी? तिचं नाव निघालं नाही असा एक दिवस गेलाय का या घरात? अहो, अबोला आपल्या माणसाशी धरतात. परक्याशी कोण धरतं?" मी म्हटलं, ते तुला आणि मला माहीत आहे, तिला दिसलं काय? तिला बंद दार दिसलं. मग मी तापाचं सांगितलं. तिचे हात थांबले. म्हणाली, "हे तिने तुम्हाला सांगितलं. मला नाही." आणि उठून गेली. मटार मीच सोलले.

तेव्हापासून ती माझ्याशीही बोलत नाही. तेव्हा आता घरात दोन अबोले आहेत.

बाबा


नोएडा
४ जानेवारी

रुचिता,

माझ्या अबोल्याची हकीकत वाचून तुला हसू आलं म्हणालीस. मलाही आलं असतं, पण मी त्यात आहे. तू लहान नाहीस, कामाला येणारी बाई सुट्टीवर, मग निरोप द्यायला आईने शेजारच्या मीनाक्षीला धरलंय. काल मी सोफ्यावर, आई स्वयंपाकघराच्या दारात आणि मीनाक्षी वाटीभर साखर न्यायला आलेली. तिला मध्ये उभं करून आई हिंदीत म्हणाली, "इनसे पूछिए, चाय लेंगे क्या." ती बिचारी माझ्याकडे वळून म्हणाली, "भाईसाहब, भाभीजी पूछ रही हैं..." मी म्हटलं, सुन लिया जी, ले लूँगा. ती साखर न घेताच गेली. चहात आलं मात्र भरपूर होतं, मला हवं तसं.

सामान बांधायला सुरुवात झाली आहे. तुझी शाळेची पुस्तकं आईने कुठल्या खोक्यात घातली आहेत ते मला माहीत नाही आणि विचारायची सोय नाही.

एक गोष्ट मी तुला खोटी सांगितली. छाती माझी नाही, आईची आहे. गेल्या हिवाळ्यापासून आहे. तू मागच्या महिन्यात फोनवर मागे घरघर ऐकलीस आणि मिक्सर आहे का विचारलंस, ते तिचं वाफेचं मशीन होतं. लिफ्ट बंद असली की जिना चढताना तिला मध्ये थांबावं लागतं आणि थांबली की ती जिन्यावरच्या कुंड्या बघितल्यासारखं करते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिल्ली सोडा. हे तुला कळू द्यायचं नाही असं तिने मला बजावलं होतं. मी म्हटलं, आजारपणात अबोला नसतो, हा तुझ्याच माहेरचा नियम. तर म्हणाली, "म्हणूनच नका सांगू. खोकल्यासाठी आली तर ती माझ्यासाठी आली असं होणार नाही."

आता मी सांगून बसलोय. दोन माणसांची दोन गुपितं सांभाळायचं माझं वय राहिलं नाही. पण माझंही एक ऐक. खोकल्यासाठी येऊ नकोस. तिला माफ करायलाही येऊ नकोस, तेवढी घाई नाही. तुला जे बोलायचंय ते मला बोलून झालं, आता तिला बोल. राघव, चकली, ताप, सगळं तिच्या तोंडावर बोल. भांडायला ये. माझी ना नाही. मला भीती फक्त याची वाटते, की ती पुण्यात आणि तू इथे, दोघी एकमेकींबद्दल मलाच विचारत राहाल आणि एक दिवस विचारायलाही मी नसेन.

चौदा तारखेला मी घरी आहे. तीही आहे.

बाबा


नोएडा
१५ जानेवारी

रुचिता,

काल तू गेल्यानंतर इथे काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं लिहितो आणि थांबतो.

तू हाफ डे टाकून आलीस, दारात उभी राहिलीस. मी दार उघडून बाजूला झालो. नियमाप्रमाणे आता आईने बोलायचं होतं. ती तिळगुळाचा डबा घेऊन आली, उघडून तुझ्यापुढे धरला आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. "गोड बोला" एवढंही नाही. तू वडी घेतलीस आणि हातातच ठेवलीस. मग तू जे बोललीस ते मी ऐकलं, ती खोकी भरणारी पोरंही ऐकत होती, बहुतेक मीनाक्षीनेही ऐकलं. "तू मला विचारलं नाहीस. त्याला बोलावलंस. मला वाटलं, माझ्यापेक्षा तो बरा वाटला तुला." आई म्हणाली, तुझं घर मोडू नये म्हणून. तू म्हणालीस, "घर होतं कुठे, आई?" तिला खोकल्याची उबळ आली, तू पाण्याचा ग्लास तिच्यापुढे ठेवलास आणि पर्स उचललीस. वडी टेबलावर राहिली.

तू गेलीस तेव्हा मला वाटलं, संपलं. मीच बोलावलं होतं ना भांडायला. आता आणखी तुटलं आणि ते माझ्या सल्ल्याने. मी खोक्यावर बसून राहिलो. पोरांनी विचारलं, अंकल, ये वाला पैक करना है? मी म्हटलं, मुझे बैठने दो.

आई खिडकीशी उभी होती. बऱ्याच वेळाने मला म्हणाली, "तुमचा फोन द्या." जवळपास महिन्यानंतर माझ्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य, तेही फोनसाठी. मी दिला. तिने हातात धरला आणि परत दिला. म्हणाली, "नको. माझा कुठे आहे?" तिचा फोन उशांच्या पिशवीत बांधला गेला होता. पिशवी सोडली, उशा सगळ्या खोलीभर झाल्या, फोन निघाला. चार्जिंग नव्हतं. चार्जर कुठल्या तरी खोक्यात. शेवटी मीनाक्षीचा आणला. आई आतल्या खोलीत भिंतीशी, वायरीजवळ, जमिनीवर बसली. तिला खाली बसवत नाही, तरी बसली. चष्मा नव्हता, पण तुझा नंबर तिला पाठ आहे, हे मला काल कळलं.

तू उचललास. आई म्हणाली, "पोचलीस का?"

तू राजीव चौकात असणार, मागे गाडीची घोषणा ऐकू येत होती. आई म्हणाली, "बरं. गर्दी आहे का? बसायला मिळालं का?" मग तिने फोन कानापासून दूर करून बघितला. मला वाटलं, फोन कट झाला. मी हात पुढे केला तर तिने हातानेच मला मागे सारलं.

"राघवला बोलावलं ते माझं चुकलं," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. आणि मग हळू आवाजात, अगदी तू शाळेतून आल्यावर ती विचारायची तसं, "तो ताप आला होता ना तुला, तेव्हा तुला खायला कोणी दिलं गं?"

त्यावर तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. आईने हाताने मला बाहेर जायची खूण केली. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आत ती रडत होती, मध्ये बोलत होती, मध्ये खोकत होती. मी बाहेर उशांच्या पसाऱ्यात बसून राहिलो. कुणाचाही निरोप माझ्याकडे नव्हता.

काय बोललात ते मला सांगू नकोस.

बाबा